खाली सगळं ठीक

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. कागद तुमचा, शिक्का तुमचा, आणि त्यावरचं खोटंही तुमचंच. ‘आपला सेवा-अभिलेख निष्कलंक आहे’ असं लिहायला तुमचा हात धजला कसा? चार पानं भरून कळवलं होतं तुम्हाला की डाग आहे. कुठे आहे ते दाखवलं, कधी पडला ती तारीख दिली, आणि तुम्ही अडीच ओळींत मला धुऊन मोकळे झालात. कोणी सांगितलं होतं तुम्हाला मला धुवायला?

हे सगळं फिटर स्वयंपाकघरात उभा राहून हातातल्या पाकिटाला सुनावत होता. पाकीट आदल्या संध्याकाळच्या टपालाने आलं होतं आणि सकाळी ते उघडताना त्याला वाटलं होतं, आत निलंबनाचा हुकूम असेल. हुकूम असता तर तो खुर्चीत बसून शांतपणे रडला असता. शाबासकी निघाली, आणि डोकं भडकलं. शेजारच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, “अहो, कोणाशी भांडताय?” तो म्हणाला, “ऑफिसशी.” “ऑफिस इथे कुठे आहे? इथे मी आहे. माझ्याशी भांडा, नाहीतर डबा घ्या आणि निघा.” ती पदराला हात पुसत आली, त्याच्या हातातला कागद घेऊन तिने तो दोनदा वाचला, आणि मग भिंतीला टेकली. तिचा सुटकेचा श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला, आणि तो तिला लपवताही आला नाही. “म्हणजे नोकरी राहिली,” ती म्हणाली. “राहिली,” तो म्हणाला, “पण लंबूही तिथेच राहिला.” शेवटची ओळ त्याने बोटाने दाखवली. ‘प्रकरण अकरा वर्षांपूर्वी बंद झाले असून दोषी कर्मचाऱ्यावरील कारवाई पूर्ण झाली आहे. याविषयी पुन्हा पत्रव्यवहार करू नये.’ दोषी कर्मचारी म्हणजे लंबू, त्याचा तेव्हाचा कामावरचा जोडीदार. बायकोने कागद त्याला परत दिला. मग म्हणाली, “तुमच्या येशूने सांगितलं, तुम्ही पत्र लिहिलंत. त्याचं उत्तर आलं. आता तोही म्हणेल, बाबा रे, पुरे.” तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण पोटातली भीतीही होती, आणि त्या भीतीबद्दल तिच्यावर रागावणं त्याला जमेना. दोन वर्षांपूर्वी, खरं काय ते त्याने पहिल्यांदा तिला सांगितलं, तेव्हा तिने तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला होता आणि चौथ्या दिवशी त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणाली होती, “इतकी वर्षं माझ्या शेजारी कोण झोपत होतं, ते आज कळलं. बरं झालं. ओळख तरी झाली.” ते वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. त्याच्याकडे जपण्यासारखी वाक्यं फार नव्हती.

तो डबा न घेताच बाहेर पडला. ऑफिसला जायचं सोडून भलत्याच दिशेने चालू लागला, आणि चालता चालता तो दिवस नेहमीप्रमाणे आपणहून समोर आला. तो दिवस त्याने कधी आठवला नव्हता. तो दिवसच रोज येऊन त्याला गाठायचा. लिफ्टच्या देखभालीचं काम जोडीने चालतं. एक जण सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत. दुसरा सगळ्यात खाली, खड्ड्यात. लिफ्ट ज्या विहिरीतून वर-खाली करते तिच्या तळाशी पुरुषभर खोल खड्डा असतो, आणि त्यात जाड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. लिफ्ट कधी तळमजला चुकून हातभर खाली घसरली, तर त्या स्प्रिंगांनी तिला अंगावर घ्यायचं, म्हणजे आतल्या माणसाला धक्का बसत नाही. खड्ड्यातल्या माणसाने वाकून, हात लावून, दाबून त्या बघायच्या आणि मग पान्याने लोखंडी रुळावर दोन ठोके द्यायचे. तो रूळ तळापासून माथ्यापर्यंत सलग जातो, ठोका वर मशीनच्या खोलीत टणकन ऐकू येतो. दोन ठोके म्हणजे खाली सगळं ठीक. एक ठोका म्हणजे थांब. तपासणीचं कार्ड वरच लटकवलेलं असतं, म्हणून सही वरचा माणूस करतो, दोघांच्या वतीने. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नाही. पुस्तकात दोघांच्या दोन सह्या आहेत. पण चौदा मजले चढून सही करायला पुन्हा कोण जातं? सगळ्या जोड्या असंच करायच्या. सहीच्या जागी ठोके चालायचे, आणि वरचा माणूस खालच्याच्या ठोक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

त्या दिवशी वर लंबू होता. ताडमाड उंच, म्हणून लंबू. खड्ड्यात वाकताना त्याची कंबर धरायची, म्हणून खालचं काम कायम फिटरकडे. फिटरने तळमजल्याचं दार किल्लीने उघडलं, आत डोकावला, तर खड्ड्यात काळं पाणी साचलेलं. नडगीभर असेल. त्यावर तेलाचा पातळ तवंग होता, आणि त्या तवंगात त्याला आपलंच तोंड वेडंवाकडं दिसलं. पायात नवे बूट होते. दुपारी सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती. बूट काढायचे, पँट दुमडायची, उतरायचं, चाचपडून बघायचं, वर येऊन पाय पुसायचे. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. तो उंबऱ्यावरच वाकला, हात लांब केला आणि पान्याने रुळावर दोन ठोके दिले. टण, टण. वर लंबूने सही केली. नवव्या दिवशी ती लिफ्ट तळमजला चुकली. पाण्यात बसून बसून स्प्रिंगा गंजून दगड झाल्या होत्या. आत फरशी पुसणारी बाई एकटी होती, बादली घेऊन. तिच्या मांडीचं हाड मोडलं.

चौकशी झाली. कार्डावर सही एकाची. “खाली कोण उतरलं होतं?” असं साहेबांनी विचारलं तेव्हा फिटर लंबूच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, त्याच बुटांत. लंबू म्हणाला, “कार्डावर माझी सही आहे ना? मग मला विचारा.” एवढंच. फिटरच्या तोंडात जीभ होती, दात होते, आवाजही होता. त्यातलं काहीच हललं नाही. लंबूचा परवाना गेला, नोकरी गेली. फिटरला सुपरवायझरची जागा मिळाली, चाकांची खुर्ची मिळाली, आणि पुढे निष्कलंक सेवेचं मानपत्र मिळालं, काचेच्या चौकटीतलं. ते त्याने दिवाणखान्यात लावलं, आल्यागेल्याला दारातूनच दिसेल असं. का लावलं? तर वडिलांसाठी. वडील तेव्हा हयात नव्हते, तरीही त्यांच्यासाठीच. ते एका कार्यालयात टंकलेखक होते आणि घरीही टंकयंत्रासारखेच बोलायचे, खटाखट, चूक झाली की परत मागे. मोठ्या भावाला ते नावाने हाक मारायचे, आणि ह्याला ‘रिकामा डबा’. “रिकामा डबा आला का शाळेतून? वाजवून बघा, आवाज तरी येतो का.” पाहुणे हसायचे, आई हसायची, तोही हसायचा. हसताना पोटात एक पोकळी उघडायची आणि त्याला खरंच वाटायचं की आपल्याला कोणी वाजवलं तर आतून काहीच येणार नाही. मानपत्र त्या पोकळीवरचं झाकण होतं. आणि झाकणाखाली काय आहे ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? निष्कलंक हा शब्द रोज सकाळी बूट घालताना त्याच्या नजरेला पडायचा, आणि रोज सकाळी तो शब्द त्याच्याकडे बघून हसायचा, अगदी वडिलांसारखा.

रस्त्याच्या कडेला एका दुकानाचं शटर वर जात होतं, त्याच्या खडखडाटाने तो भानावर आला. सकाळची उन्हं अजून कोवळी होती. आपण इतके संतापलेलो असूनही आत कुठेतरी थंड, स्वच्छ वाटतंय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचंच नवल वाटलं. पूर्वी त्याला राग यायचा नाही. ज्याच्यापाशी लपवायला काहीतरी असतं, त्याला राग परवडत नाही. तो सगळ्यांशी गोड असतो. फिटर कितीतरी वर्षं सगळ्यांशी गोड होता, इतका की हाताखालची माणसं त्याला पाठीमागे ‘साखरसाहेब’ म्हणायची. हा राग त्याला तीन वर्षांपूर्वी मिळाला होता, फुकट मिळाला होता, आणि कोणाकडून, तेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी एका चर्चमधून तक्रार आली होती. प्रार्थनेचं सभागृह पहिल्या मजल्यावर, म्हातारी माणसं चढू शकत नाहीत म्हणून एक छोटी लिफ्ट, फक्त चाकाच्या खुर्चीपुरती, आणि ती अडकलेली. रविवार होता, माणूस मिळेना, म्हणून सुपरवायझर असूनही फिटर स्वतः गेला. ह्या खड्ड्यात तो उतरला. त्या घटनेनंतर तो प्रत्येक खड्ड्यात उतरायचा. कोरडा असो, ओला असो, काम नसलं तरी. गुडघ्यावर बसून तो एक अडकलेला बोल्ट सोडवत होता, आणि वर, बरोबर त्याच्या डोक्यावर, पन्नास-साठ माणसं एका सुरात बोलायला लागली. आधी त्याला वाटलं, गाणं असेल. मग शब्द लागायला लागले. आम्ही चुकलो, म्हणत होती ती माणसं. करायचं ते केलं नाही, नको ते केलं, आमच्या मनाने केलं, आमच्या हातांनी केलं. त्यात म्हाताऱ्यांचे आवाज होते, बायकांचे होते, एका घोगऱ्या पुरुषाचा सगळ्यांच्या पुढे होता. फिटरचा पाना हातातच राहिला. ह्यांना पकडलं कोणी? चौकशी कुठे चालू आहे? कोणी खुर्ची टाकून समोर बसलेलं नाही, कार्ड नाही, सही नाही, आणि ही चांगल्याचुंगल्या कपड्यांतली माणसं रविवारी सकाळी उठून, अंघोळ करून, मुद्दाम इथे येऊन मोठ्याने सांगताहेत की चूक आमची. मग वर शांतता झाली. मग तो घोगरा आवाज एकटाच म्हणाला की क्षमा आहे. होईल असं नाही, मिळवा असंही नाही. आहे. ख्रिस्ताने आपली चूक स्वतःच्या देहावर घेतली आणि ह्या क्षमेला आता कोणी हात लावू शकत नाही.

फिटर खड्ड्यात बसून राहिला. देव ह्या गोष्टीचा विचार तो आयुष्यभर करत आला होता तो वरच्या साहेबासारखा: उंचावर बसलेला, कार्ड धरलेला, खालून ठोक्यांची वाट बघणारा. त्या दिवशी खड्ड्यात गुडघे टेकून त्याला पहिल्यांदा सुचलं की देव खाली उतरला असेल तर? बूट काढून, पाण्यात, तवंगात, जिथे मी उतरलो नाही तिथे? उंबऱ्यावर वाकून ‘खाली सगळं ठीक’ म्हणणारा देव त्याला चालला नसता. तसं तर त्याने स्वतःच केलं होतं. पण जो उतरला, आणि उतरून जखमी झाला, त्याच्याकडे बघता येतं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, शब्दही नंतर मिळाले, पण त्या क्षणी अंगावर सरसरून काटा आला आणि तो काटा खोटा नव्हता. लिफ्टच्या उघड्या दारातून एका म्हातारीने खाली डोकावलं. “अरे, खाली कोण आहे रे? किती वेळ अंधारात बसलायस? झालं असेल तर वर ये, बाळा. आणि झालं नसेल तरी ये.” पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला बाळा म्हणणारी ती बाई आज हयात नाही. काम झालेलं नसताना ये म्हणणारं दुसरं कोणी त्याला तिच्याआधी भेटलं नव्हतं.

तो वर गेला, आणि जात राहिला. वर्षाने त्याचा बाप्तिस्मा झाला. पाण्यातून वर येताना त्याने जोरात श्वास घेतला आणि लहान पोरासारखा हसला, पाळकही हसले. घोगरा आवाज त्यांचाच. ते बुटके, टकले आणि भयंकर चेष्टेखोर होते. फिटरने त्यांना सगळं सांगितलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. त्याचा हात धरून बसून राहिले. पण पुढे, फिटर म्हणाला की मी ऑफिसला पत्र लिहितो, तेव्हा ते म्हणाले, “क्षमा झाली ना? आता काय, पावती हवी?” तो म्हणाला, “पाळकबाबा, माझी झाली. पण माझं ओझं अजून एका माणसाच्या नावावर लिहिलेलं आहे.” पाळक विचारात पडले आणि मग त्यांनी ते बोलून दाखवलं, जे त्यांनी बोलायला नको होतं: “असं बघ, तुझ्या त्या लंबूने तुझ्या जागी शिक्षा सोसली. प्रभूच्या वधस्तंभाचंच चित्र आहे हे.” फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “नाही,” तो ओरडला, चर्चच्या त्या छोट्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटासमोर. “प्रभूने आपणहून घेतलं. लंबूवर मी टाकलं. ह्यात फरक दिसत नसेल तर तुम्ही पाळक कसले? लिफ्टच्या कंपनीत साहेब व्हा!” पाळकांनी टकलावरून हात फिरवला. “बरोबर बोललास,” ते म्हणाले. “चुकलो. लिही पत्र.” त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की फिटरला रडू आलं. चुकलो हा शब्द माणूस उभ्या उभ्या, जीव न गमावता उच्चारू शकतो, हे त्याने त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं.

पत्राआधी तो त्या फरशी पुसणाऱ्या बाईकडे गेला होता. एका पायाने लंगडत तिने दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलला, सगळं, बुटांपासून. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग खाली मान घालून म्हणाली, “दादा, तुझ्या माफीचं मी काय करू ते मला कळत नाही. ठेव इथे, बघते नंतर. पण एक सांग, म्हणजे लिफ्ट बादलीमुळे नाही पडली?” त्याला काही कळेना. “कोणती बादली?” “मी पाण्याने भरलेली बादली आत घेतली होती. तुमच्या ऑफिसचा माणूस दवाखान्यात आला होता, तो म्हणाला, वजन जास्त झालं, म्हणून घसरली. मी इतकी वर्षं हेच धरून बसलेय की माझाच पाय मी मोडून घेतला. घरच्यांनीही हेच धरलंय. जरा काही सांडलं की म्हणतात, हिला वजनाचा अंदाज नाही.” फिटर म्हणाला, “मावशी, त्या लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात. एका बादलीने तिला काय होतंय!” ती दारातच खाली बसली. बसताना दुखऱ्या पायाला हाताने धरून सरळ केलं. “हे मला कागदावर पाहिजे,” ती म्हणाली. “तू सांगितलंस, माझा विश्वास बसला. पण मला घरात दाखवायला कागद पाहिजे.” म्हणून ती चार पानं. म्हणून हा संताप. साहेबांच्या अडीच ओळींत ना लंबू सुटत होता, ना बादली. सुटला होता फक्त तो, ज्याला सुटायचं नव्हतं.

विचारांच्या नादात तो शाळेच्या मैदानाशी येऊन थांबला. इथे लंबू काम करतो हे त्याला कधीपासून माहीत होतं. ह्या रस्त्याला वळसा घालून जाण्यात त्याचे कितीतरी मैल वाया गेले होते. मैदान रिकामं होतं, वर्ग चालू होते, आणि मधोमध तो उंच माणूस चुन्याची गाडी ढकलत धावपट्टीची रेष मारत होता. केस पांढरे झालेले, का चुना उडालेला, लांबून कळत नव्हतं. रेष मात्र अशी सरळ की बघत राहावं. फिटर कडेला उभा राहिला. लंबूने रेष पुरी केली, गाडी उभी केली, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि तिथूनच ओरडला, “ए साहेब! रेषेवर पाय पडला तर तंगडी मोडीन.” म्हणजे ओळखलं होतं. फिटर रेषा चुकवत, उड्या मारत त्याच्यापर्यंत गेला. त्याने पाकीट पुढे केलं, आणि स्वतःच्या चार पानांची नक्कलही. लंबूने चष्मा काढला, शर्टाला पुसला, मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसून सगळं वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्याने पानं नीट घडी केली. “अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे तुझं,” तो म्हणाला. “आणि एक गोष्ट चुकीची लिहिलीयस. ‘माझ्या सहकाऱ्यास यातील काहीही ठाऊक नव्हते.’ कोणी सांगितलं तुला?”

लंबू म्हणाला, “अरे, खड्ड्यातून मारलेला ठोका जड येतो, खालून. उंबऱ्यावरून मारलेला पातळ येतो. एवढी वर्षं ऐकत होतो, मला कळणार नाही? तू उतरला नव्हतास हे मला दुसरा ठोका पडायच्या आत कळलं होतं. सकाळी तुझे बूट बघितले होते, वाटलं, जाऊ दे, मुलाखत आहे याची. शिवाय मला चहाची तल्लफ आली होती. एक ठोका उलट मारला असता तर तू मुकाट्याने उतरला असतास. नाही मारला. सही केली.” तो चुन्याने माखलेल्या बोटांकडे बघत होता. “मग चौकशीत बसलो तेव्हा वाटलं, दोघांनी जाण्यात काय मजा आहे? तुझं नाव घेतलं असतं तर तूही गेला असतास, मीही राहिलो नसतोच. म्हटलं, एक तर राहू दे आत. आणि राहशील तर खड्ड्यात उतरशील, इतकी तुझी ओळख होती मला. उतरतोस ना?” “रोज,” फिटर म्हणाला. “मग झालं तर,” लंबू म्हणाला. “पण बोलायला यायला तुला अकरा वर्षं लागली, गाढवा. बायको विचारायची, तुमचा तो जोडीदार कधी आला का? मी म्हणायचो, येईल, जिना चढतोय.”

फिटर त्याच्या शेजारी पायरीवर बसला. लंबूने आपणहून घेतलं होतं. फिटरने पाळकांवर ओरडून सांगितलं होतं की नाही, असं नाही, मी टाकलं. आणि त्याने टाकलं होतं हेही खरंच होतं, आणि लंबूने मुद्दाम उचललं होतं हेही खरंच. दोन्ही खरं एका वेळी कसं असू शकतं? त्याला आता पहिल्यांदा नीट कळलं की तो ज्याच्यापुढे दर रविवारी गुडघे टेकतो, तिथेही हेच आहे: माणसांनी टाकलं, आणि त्याने उचलून घेतलं. फक्त तो निर्दोष होता. लंबू नव्हता. लंबूने चहासाठी सही केली होती. आणि तरीही त्या चहावाल्या, चेष्टेखोर, दोषी माणसातून कोणाचं तरी प्रेम इतकी वर्षं त्याच्यापर्यंत पोचत होतं, आणि तो वळसा घालून पळत होता. म्हणजे तो रिकामा होता तेव्हाही त्याला कोणीतरी मोलाचं धरलं होतं. मानपत्राच्या कितीतरी आधी. बुटांसकट. कृतज्ञता म्हणजे गोड काहीतरी असेल असं त्याला वाटायचं; ही तशी नव्हती, ही छातीत अवजड काहीतरी ठेवल्यासारखी आली आणि तिच्या वजनाने तो जमिनीवर नीट बसला. “लंबू,” तो म्हणाला, “तुझे उपकार…” “गप,” लंबू म्हणाला. “उपकार मान त्या वरच्याचे. मी पांढऱ्या रेषा मारणारा माणूस आहे. मला अवघडल्यासारखं होतं.”

मग फिटरने त्याला बादलीचं सांगितलं. लंबूचा चेहरा बदलला. थट्टा पुसली गेली. तो उठून अवजारांच्या खोलीत गेला आणि एक जुनी फाईल घेऊन आला. “हे मी कोणासाठी ठेवलं होतं मला माहीत नाही,” तो म्हणाला. “घरी ठेवलं की बायको चिडते.” आत तीन अर्ज होते, लंबूच्या हातचे, खड्ड्यातलं फिटर जे सांगायचा त्यावरून लिहिलेले, घटनेच्या आधीच्या दोन वर्षांतले. त्या इमारतीच्या खड्ड्यात पाणी झिरपतं, स्प्रिंगा गंजताहेत, उपसायचा पंप द्यावा. तिन्हींच्या पोचा. तिन्हींच्या खाली लाल शाईत एकच शेरा: ‘पुढील वर्षी पाहू.’ आणि त्याखाली एक सही, वळवळत गेलेली, गांडुळासारखी, नाव लागत नव्हतं. “चौकशीत हे दाखवलं नाहीस?” “दाखवलं ना, तुला बाहेर पाठवल्यावर. साहेब म्हणाले, ह्याचा इथे संबंध नाही. बाहेर ठेवा.” फिटरने ती सही उन्हात धरून बघितली. आता त्याला कळलं, अडीच ओळी इतक्या घाईने, इतक्या प्रेमाने का लिहिल्या गेल्या. त्याचा डाग ऑफिसला नको होता, कारण तो उघडला की खालचा मोठा डाग दिसणार होता. त्याला निष्कलंक ठेवणं त्यांना स्वस्त पडत होतं.

“आता?” लंबू म्हणाला. “आता मी लिहितो,” फिटर म्हणाला, “पण दुसऱ्या ओळीत तुझं नाव घालणार. तू सही केलीस ते. चालेल?” लंबूने फाईल त्याच्या मांडीवर ठेवली. “कधीपासून वाट बघतोय कोणीतरी विचारेल म्हणून,” तो म्हणाला. “सगळे एक तर मला चोर म्हणतात, नाहीतर बिचारा. बिचारा ऐकलं की मला चावावंसं वाटतं. घाल.” फिटरने फरशी पुसणाऱ्या बाईला फोन लावला, उद्या सकाळी साहेबांच्या खोलीत जायचं म्हणून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी येते. फक्त एक सांगते दादा, मी जिन्याने येईन हां. कितवा मजला?” “चौथा.” “मग मला वेळ लागेल.” बायकोलाही त्याने फोन केला. ती म्हणाली, “डबा विसरलात.” मग म्हणाली, “घरी येऊन जेवा आणि काय व्हायचं ते होऊ दे. माझा माणूस मला कळला आहे, तेवढं मला पुरे.”

पायरीवर बसून, लंबूच्या हजेरीच्या वहीचं पान फाडून, त्याने लिहिलं. कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, आजच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायला.

‘साहेब, तुमचं पत्र मिळालं, आभारी आहे. मनापासून. तुम्ही प्रकरण बंद म्हटलं नसतं तर मी माझ्या जोडीदाराला भेटायला गेलो नसतो. तुमच्या निष्कलंक शब्दाची मला गरज नाही. माझा डाग ज्याने धुतला त्याने तो आधी नीट बघितला होता, तुमच्यासारखा झाकून ठेवला नाही, आणि त्याच्या नजरेत मी कामाचा आहे. म्हणून मला आता खरं लिहायची भीती उरलेली नाही. ह्या अपघाताला जबाबदार असलेल्यांची नावं खाली देत आहे. पहिलं माझं. मी उतरलो नाही. दुसरं लंबूचं. त्याला कळलं होतं आणि त्याने सही केली. त्याने स्वतः वाचून मान्य केलं आहे. बाईंच्या बादलीचा काहीही संबंध नाही, हे तुम्ही त्यांना शिक्क्यानिशी लिहून द्यायचं आहे. तिसरी ओळ मी कोरी ठेवली आहे. तीन अर्जांवरच्या लाल शेऱ्याखाली जी सही आहे, तिचं नाव आम्हाला लागत नाही. उद्या सकाळी दहा वाजता आम्ही तिघं तुमच्या खोलीत येतो. बाई जिन्याने चढणार आहेत, एकेका पायरीवर थांबत. चार मजले आहेत, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. आम्ही दारात पोचेपर्यंत आठवून ठेवा, आणि आमच्या तोंडावर सांगा: ती सही कोणाची?’